तिसऱ्या उन्हाळ्यानंतरचं नाव

तंजावूरला मी गेले ती रागातच. नवरा टेलिफोन खात्यात. नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसवायला त्याला तिकडे धाडलं आणि मी सांगलीच्या शाळेतली पाच वर्षांची नोकरी सोडून, दोन ट्रंका आणि एक मिक्सर घेऊन त्याच्या मागोमाग गेले. ब्याण्णव सालचा नोव्हेंबर होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आमच्याकडे नोव्हेंबरात असा पाऊस पडत नाही, हेही मला त्या गावावर रागवायला पुरेसं होतं.

मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला एका घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला. घरमालक मराठी, म्हणून नवरा खूश होता. मराठ्यांच्या राज्यात इकडे येऊन राहिलेल्या घरांपैकी ते एक घर. दार उघडलं ते एका उंच, काटक बाईंनी. वय साठीच्या पुढे, पदर कमरेला खोचलेला, हातात खुरपं, आणि चष्म्याची एक काडी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली.

"नांव काय गे तुझं?"

"अनुराधा."

"तें सासरचं. अधींचं?"

पायाशी ट्रंका, पाठीवर पाऊस, आणि ही बाई मला माहेरचं नाव विचारतेय. "शालन," मी फणकाऱ्यानंच म्हटलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. मग म्हणाल्या, "सेरी. जिना मागून अहे." सेरी म्हणजे बरं, ठीक. मी शिकलेला तो पहिला तमिळ शब्द.

त्या अंबुजाबाई. गल्ली त्यांना अंबुजाक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान रघुनाथराव पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढायचे, तेही निवृत्त. रावांचा स्वभाव इतका मऊ की भाजीवालाही त्यांना हक्कानं सडकी वांगी द्यायचा. बायकोला ते नावानं हाक मारत नसत. खाकरत, नाहीतर "इकडे ऐकलं कां" म्हणत. दोघांचं बोलणं ऐकताना जुन्या पेटीतली पत्रं कोणी तमिळ चालीत वाचतंय असं वाटायचं, आणि मला हसू यायचं. महिन्याभरानं कळलं की माझं सांगलीचं मराठी ऐकून तीही दोघं खाली स्वयंपाकघरात हसतात. मग माझा राग थोडा उतरला.

अक्कांचा उद्योग एकच, डेलिया. आता डेलिया हे थंडीतलं फूल. उटीला वाढावं, महाबळेश्वरला वाढावं. तंजावूरच्या उन्हात त्याचं काय काम? अक्कांना हे पहिल्यांदा सांगितलं ते कृषी खात्यातल्या कुठल्याशा साहेबानं, आणि तेही हसून. हसला नसता तर बहुधा पुढचं काहीच घडलं नसतं. बहिणीनं बंगळूरहून आणलेलं बियांचं एक पाकीट घेऊन त्या गच्चीवर गेल्या, आणि मी राहायला आले तेव्हा त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती.

डेलियाचं बी लावलं की आईसारखं मूल होत नाही. शंभर बिया लावा, शंभर तऱ्हेची रोपं येतात. त्यातलं एखादं मनासारखं निघालं तर त्याचा कंद जपायचा, कारण तेच फूल पुन्हा मिळतं ते फक्त कंदातून. कंद गेला की ते फूल जगातून गेलं. हे मला अक्कांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यापुढे उभं राहिल्यासारखं समजावलं, आणि वर विचारलं, "कळलं कां? परत सांग पाहूं."

दिवाळीनंतर पाऊस ओसरला की त्या बी पेरायच्या. पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सुमाराला फुलं यायची. मग रोज दुपारी दोन वाजता, गाव जेवून आडवं झालेलं असताना, ही बाई डोक्यावर ओला पंचा टाकून गच्चीवर जायची आणि कुंड्यांच्या रांगांमधून परीक्षा घेत फिरायची. दोनच्या उन्हात ज्यानं मान टाकली ते रोप नापास. फूल कितीही सुंदर असो. एकदा बशीएवढं, गुलाबी, काठाला पांढरं असं एक फूल आलं. मी अगदी वेडी झाले त्याच्यापायी. दोन वाजता ते मलूल झालं. अक्कांनी ते मुळासकट उपटलं.

"अहो अक्का, संध्याकाळी परत ताजं झालं असतं!"

"संध्याकाळीं मीही ताजी होते," त्या म्हणाल्या. "दुपारीं उभी राहते ती खरी."

पास झालेल्या रोपाला नुसता नंबर मिळायचा. मार्च सरला की पानं करपायची, मग कंद काढून एका मोठ्या मडक्यात कोरड्या वाळूत ठेवायचे, आणि पाऊस संपेपर्यंत सात-आठ महिने ते तिथं जिवंत राहिले तर पुन्हा लावायचे. असे तीन उन्हाळे जो कंद काढेल त्यालाच नाव. त्याआधी कितीही मिनतवाऱ्या करा, नाव नाही. अकरा वर्षांत चार नावं पडली होती.

ही नावं कुठली, ते मला वेणूबाईंच्या बारशाला कळलं. वेणूबाई पलीकडच्या गल्लीतल्या, ऐंशीच्या घरातल्या. अक्कांच्या एका जांभळ्या डेलियानं तिसरा उन्हाळा काढला, तशा अक्का चार वेळा त्यांच्याकडे जाऊन बसल्या. एकच प्रश्न घेऊन. लग्नाआधी तुमचं नाव काय होतं? वेणूबाई सांगेनात. "आतां काय तें," म्हणायच्या, आणि कॉफी पुढे करायच्या. चौथ्या वेळी मी बरोबर होते. त्या दिवशी म्हातारीनं आधी दाराकडे पाहिलं, वीस वर्षांपूर्वी वारलेला नवरा ऐकत असेल अशा धास्तीनं, आणि अक्कांच्या कानात सांगितलं, "ठकू."

शुक्रवारी बारसं झालं. जांभळ्या फुलाची कुंडी पाटावर, शेजारच्या सात-आठ बायका, हरभऱ्याची उसळ, कॉफी. अक्कांनी पितळी ताटात तांदूळ पसरले. लग्नात नवरा सोन्याच्या अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो, ते आमच्याकडेही आहे. माझंही अनुराधा तसंच झालं. इथं वेणूबाईंनी स्वतःच्या बोटानं ठकू लिहायचं होतं. त्यांना वेळ लागला.

"हे तांदूळ शिजवूं नका," त्या म्हणाल्या, आणि सगळे तांदूळ पदरात बांधून घरी घेऊन गेल्या.

रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "तुला माझं आधीचं नाव आठवतं?" तो आठवू लागला. त्याला आठवलं, पण आठवावं लागलं, याचा मला राग आला. बिचाऱ्याला काही कळेना.

त्याच महिन्यात माझ्याही नावाचं बारसं झालं. फूल कसलं, तर किरमिजी, मध्यम, आणि दांड्यापाशी वाकून कायम जमिनीकडे बघणारं. मी तोंड वाकडं केलं. अक्का म्हणाल्या, "रुसल्यासारखी दिसते, पण मरत नाहीं. तीन उन्हाळे पाहिले मी." बायका हसल्या. मी दोन दिवस अक्कांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कुंडीला पाणी घालायला मीच गेले.

नावांच्या पट्ट्या राव करायचे. कॅलेंडरं छापणाऱ्या प्रेसमधून टाकून दिलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आणून, कापून, त्यावर नकाशावर लिहितात तशा अक्षरात नाव कोरायचे. तमिळ लिपीत. घरात मराठी बोलत, पण नागरी लिपी दोघांनाही धड वाचता येत नव्हती. मी तमिळ अक्षरं शिकले ती त्या पट्ट्यांवरून. आजही बसवरची तमिळ पाटी वाचताना मला आधी ठकू आठवते.

अक्कांच्या हट्टाचा गल्लीला धाक होता. त्र्याण्णवच्या सुमाराला घराघरावर केबल आली. शेजाऱ्यांनी गच्चीवर भलीमोठी डिश उभी केली आणि तिची सावली अक्कांच्या तीन रांगांवर पडू लागली. अक्का भांडल्या नाहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला त्यांनी खडूनं सावलीची कड आखली, तारीख घातली, आणि तो हिशेब शेजाऱ्यांच्या घरी नेऊन दिला. डिश किती फूट सरकवली म्हणजे सावली कुठं पडेल, हेही खाली लिहिलं होतं. शेजारी म्हणाले, पाहू. अक्का रोज जाऊन तोच कागद पुढे ठेवायच्या. नवव्या दिवशी डिश सरकली. शेजारीणबाई मला म्हणाल्या की मुलीला शाळेत यांनीच गणित शिकवलं होतं, घरात सगळ्यांनाच जुनी भीती बसली आहे.

नंबर सत्तेचाळीस आला तो मी तंजावूरला गेल्यानंतरच्या पहिल्याच पोंगलला. पिकल्या पपईच्या गराचा रंग, काठाकडे थोडा फिकट. दुपारी दोनला ताठ. तीनलाही ताठ. अक्का चारपर्यंत तिथंच पंचा टाकून बसून राहिल्या. खाली आल्या तेव्हा चेहरा तापून लाल झाला होता.

"याचं नाव कोणाचं?" मी विचारलं.

"माझं," अक्का म्हणाल्या.

तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की अंबुजा हे सासरचं. सतराव्या वर्षी लग्न झालं. सासूनं नाव ठरवलं, रावांनी अंगठीनं लिहिलं. "तेच तांदूळ संध्याकाळीं भातांत गेले," अक्कांनी सांगितलं. "मी वाढला तो भात." अकरा वर्षं त्या दुसऱ्यांच्या नावांची फुलं करत होत्या, आणि स्वतःच्या नावाला शोभेल असं एक फूल शोधत होत्या. आधीचं नाव काय, मी विचारलं. त्यांनी तीन बोटं दाखवली. तीन उन्हाळे.

पहिला उन्हाळा सत्तेचाळीसनं काढला. दुसराही काढला. पुढच्या हंगामात त्याची तीन चांगली रोपं झाली, आणि मार्चच्या सुरुवातीला कोडैकानलचा एक रोपवाटिकावाला घरी आला. कोणाकडून तरी ऐकून आला होता. सफारी सूट, हातात रंगीत कॅटलॉग. गच्चीवर उन्हात ताठ उभी असलेली ती फुलं त्यानं पाहिली आणि खिशातला रुमाल काढून कपाळ पुसायचंसुद्धा विसरला.

"अम्मा, दोन कंद मला द्या," तो म्हणाला. "तुमच्याकडे उन्हाळ्यात एखादे वेळी सगळंच जाईल. माझ्याकडे डोंगरावर सुरक्षित राहील. वर्षात दोनशे करतो. मुंबई, दिल्ली, सगळीकडे पाठवतो. आता बाजार खुला झालाय."

रावांचे डोळे चमकले. माझेही. तीनच कंद, आणि समोर तंजावूरचा उन्हाळा. त्यापेक्षा डोंगर बरा, हे मलाही कळत होतं.

"नांव?" अक्कांनी विचारलं.

नाव आम्ही ठेवू, तो म्हणाला. लोकांच्या तोंडी बसेल असं. एखाद्या नटीचं ठेवलं तर हातोहात जाईल. खाली बारीक अक्षरात तुमचंही येईल की, अंबुजाबाई, तंजावूर.

"तिसऱ्या उन्हाळ्यानंतर नांव मी ठेवीन. त्याच नांवानं विकणार कां?"

तो हसला. माझी खात्री आहे, तो हसला नसता तर अक्कांनी त्याला निदान कॉफी दिली असती.

"एकदां मला न विचारतां पुसलं," अक्का म्हणाल्या, "आतां नाहीं." आणि जिन्याकडे हात केला.

तो गेल्यावर राव पहिल्यांदाच थोडे चिडलेले मी पाहिले. "कंद मेला तर नांव कोणाला ठेवाल?" ते म्हणाले. त्या रात्री मलाही त्यांचा राग आला होता. नावापायी फुलाचा जीव धोक्यात घालायचा, हा कुठला शहाणपणा? मी ते बोलूनही दाखवलं. "तुला राग येतो तें बरं अहे," एवढंच त्या म्हणाल्या.

एप्रिलमध्ये तिन्ही कंद वाळूच्या मडक्यात गेले. हे मडकं स्वयंपाकघराच्या सर्वांत थंड कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी असायचं. तिकडे माठ ओल्या वाळूच्या बैठकीवर ठेवतात आणि रोज सकाळी त्या वाळूवर पाणी शिंपडतात, म्हणजे माठातलं पाणी गार राहतं. घरात ते काम अक्कांचं. मेमध्ये भाचीच्या लग्नाला त्या चार दिवस जवळच्या ओरत्तनाडू गावाला गेल्या. जाताना रावांना सांगून गेल्या, वाळूवर पाणी घालायला विसरूं नका.

राव विसरले नाहीत. चारही दिवस त्यांनी दोन्ही वाळूंवर पाणी घातलं.

अक्का परत आल्या त्या सकाळी मी खाली दही मागायला गेले होते. अक्कांनी सवयीनं मडक्यात हात घातला आणि तो तसाच आत राहिला. मग त्यांनी वाळू जमिनीवर उपडी केली. दोन कंद बोट लावताच दबले, आतून पाणी आलं. तिसऱ्याचं एक टोक काळं पडलं होतं. राव दारात उभे. त्यांना कळायला दोन क्षण लागले, आणि कळल्यावर ते तिथंच उंबऱ्यावर बसले.

"मी घातलं," ते म्हणाले. "दोन्हीकडे घातलं मी."

मला वाटलं, आता घर हादरणार. अक्का उठल्या. विळी आणली. "राव, दिवा धरा," म्हणाल्या. खिडकीजवळ बसून त्यांनी काळा भाग काढला, मग आणखी थोडा, मग आणखी, पांढरा गर दिसेपर्यंत. देठाचा डोळा असलेला आवळ्याएवढा तुकडा उरला. त्याला राख आणि हळद चोळली, सावलीत चार दिवस सुकवला, आणि नव्या वाळूत, नव्या मडक्यात ठेवला. रावांना त्याबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माठाला पाणी रावच घालू लागले, आणि घालताना डाव्या हातानं मडकं झाकून धरू लागले. पाच महिने रोज. मी पाहत होते आणि मला वाईट वाटत होतं, दोघांचंही.

नोव्हेंबरात त्या तुकड्याला कोंब आला. एकच. अक्कांनी मला हाक मारून दाखवला. मी रडले. त्या म्हणाल्या, "मग रड, अधीं चाळणी आण."

फूल उमललं ते पोंगलनंतर आठवड्यानं. आमची परत सांगलीला बदलीची ऑर्डर आली होती, खोकी बांधून झाली होती. दुपारी दोन वाजता आम्ही सगळेच गच्चीवर गेलो, राव छत्री घेऊन, वेणूबाई दोन बायकांच्या आधारानं. पपईच्या रंगाचं फूल ताठ उभं होतं. अक्का एक तास बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सेरी."

शुक्रवारी पाट मांडला, कुंडी ठेवली, ताटात तांदूळ पसरले. बायका जमल्या. अक्का बोट पुढे करणार तेवढ्यात राव खाकरले.

"मी लिहूं कां?" ते म्हणाले.

राव गुडघे धरत खाली बसले. त्यांच्या हातात ती लग्नातली अंगठी होती, एरवी बोटाच्या सांध्यापाशी अडकून बसलेली. त्यांनी साबण लावून ती काढून आणली होती, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं, कारण बोटाला फेस लागलेला होता. अंगठी चिमटीत धरून ते थांबले.

"अधीं मीच लिहिलं होतं तें," राव हळूच म्हणाले. "विचारलं नाहीं. नांव काय?"

जवळजवळ पन्नास वर्षं एका घरात, आणि त्यांना माहीत नव्हतं. अक्कांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. ओठ गच्च मिटलेले, डोळे भरलेले.

"सगुणा," त्या म्हणाल्या.

राव लिहू लागले. नकाशावरची सवय, एकेक अक्षर सावकाश. तरी शेवटचं अक्षर खाली गेलं.

"सरळ ओळींत," सगुणाबाई म्हणाल्या. रावांनी हातानं तेवढेच तांदूळ सारखे केले आणि ते अक्षर पुन्हा लिहिलं.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. टॅक्सीत सामान चढत होतं. निरोप घ्यायला मी बाजूच्या अंगणात गेले तर अक्का खाली बसून गच्चीवर न मावलेली त्या सीझनची रोपं तपासत होत्या, पंचा डोक्यावर, नवे नंबर घातलेले, अठ्ठ्याहत्तरपर्यंत. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "शालनचा एक कंद पिशवींत घातला अहे. सांगलींत थंड अहे, लाड करूं नको." मी वाकून नमस्कार केला. त्यांना रोपं सोडून उठता येईना, म्हणून मीच निघाले.

फाटकापाशी आले तेवढ्यात घरातून रावांचा आवाज आला. खाकरणं नाही, इकडे ऐकलं कां नाही. गल्लीला ऐकू जाईल अशी हाक, थोडी लाजत मारलेली.

"सगुणा! कॉफी झाली अहे!"

मी वळून पाहिलं. रोपांतून एक हात वर झाला, मातीनं भरलेला, आणि तिकडून लगेच, जणू काल रात्रीपर्यंत कोणी याच नावानं हाक मारत होतं असं, उत्तर आलं.

"ओ. आलें."